घरची प्रार्थना: ठरलेली वेळ आणि ठरलेले शब्द हवेत की नकोत?

शिरोलीकर (धागा सुरू करणारा) · रविवार, रात्री ९.१०

सर्वांना सलाम.

आज चर्चमधली उपासना सुटल्यावर आम्ही चारपाच जण याच विषयावर बोलत होतो, पण गाड्या काढायच्या घाईत बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून इथं सविस्तर मांडतो.

ख्रिस्ती माणसानं रोज प्रार्थना करावी याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद आहे तो कशी करावी यावर. माझं मत असं आहे की घरात जेवढी माणसं असतील तेवढ्यांनी एकत्र बसून, ठरलेल्या वेळी, आणि निदान थोड्या तरी ठरलेल्या शब्दांत प्रार्थना व्हावी. एक गीत, बायबलातलं एक स्तोत्र, आणि प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं स्वतः शिकवलेली. एवढं झाल्यावर ज्याला मनातलं बोलायचंय त्यानं ते बोलावं.

हल्ली वेगळंच ऐकायला मिळतं. "मी गाडीवरून कामाला जाताना मनातल्या मनात करतो." "देवाला वेळकाळ नसतो." "पाठ केलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची." यातलं पहिलं चांगलंच आहे आणि दुसरं खरं आहे. पण या दोन्हींचा आधार घेऊन घरची प्रार्थना बंद पडत चाललीय, हे मला बोचतं. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. तीन पाळ्या. बायको शाळेत, थोरला पुण्यात शिकायला, धाकटी दहावीला. आमच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी, त्यामुळं रविवारची उपासनासुद्धा पाळी बघून. अशा घरात "ज्याला जमेल तसं" म्हटलं की काही दिवसांत कुणालाच जमत नाही.

बायबलात दानीएलाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय बघा. तीस दिवस राजाखेरीज कुणाकडं काही मागायचं नाही असा हुकूम निघाला. त्यावर सही झाल्याचं कळल्यावर दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेकडच्या उघड्या खिडकीशी त्यानं गुडघे टेकले. दिवसातून तीनदा, नेहमीसारखे. त्यापायी त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं, आणि संडे स्कूलमध्ये आपण ती सिंहांची गोष्ट रंगवून सांगतो. मला त्याच्या रोजच्या रिवाजाचं मोल जास्त वाटतं. संकटाच्या दिवशी त्याला नवीन काही सुरू करावं लागलं नाही.

तुमच्या घरी काय चालतं? पाळ्यांची कामं असणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

रंकाळ्याचा_वारा · रविवार, रात्री १०.०५

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी स्पष्ट लिहितो.

मी अशाच घरात वाढलो. आमच्याकडं रोज रात्री आठला प्रार्थना व्हायची, एक दिवस चुकला नाही. प्रभूची प्रार्थना एका दमात संपायची, कारण ताटं वाढलेली असायची. आणि ज्या घरात रोज "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" म्हटलं जायचं, त्याच घरात जमिनीच्या वाटणीवरून वडील आणि चुलते वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भिंत एकच. त्यांची प्रार्थना आम्हाला ऐकू यायची, आमची त्यांना. दोन्हीकडं तेच शब्द. लहानपणी मला याचं लई वाईट वाटायचं, अजून वाटतं.

प्रभूनं सांगितलंय, खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पित्याशी बोल. त्याच ठिकाणी त्यानं व्यर्थ बडबड करू नका असंही सांगितलंय. मी पहाटे गच्चीवर जातो आणि प्रभूशी कोल्हापुरीतच बोलतो. जे आहे ते. राग असला तर राग, भीती असली तर भीती. कधी नुसता बसतो. माझ्या मते हेच नातं आहे. बापाशी बोलताना कुणी पाठ करून बोलतं का?

निवृत्त_गुरुजी · रविवार, रात्री ११.२०

दोघांनीही जीव ओतून लिहिलंय. थोडी भर घालतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात सातव्या वचनात व्यर्थ बडबडीबद्दल ताकीद आहे, आणि लगेच नवव्या वचनात प्रभू स्वतःच शब्द देतो. लूकच्या अकराव्या अध्यायात तर शिष्य स्वतःहून विचारतात, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. ही सगळी यहुदी माणसं होती, लहानपणापासून स्तोत्रं म्हणत मोठी झालेली. तरी त्यांना शिकावंसं वाटलं, आणि प्रभूनं "मनात येईल ते बोला" असं सांगून त्यांना परत पाठवलं नाही.

पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांनी हे कसं घेतलं याचा पुरावा आहे. 'डिडाखे' नावाचं ग्रीकमधलं एक अगदी जुनं शिकवणीचं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. त्याच्या आठव्या भागात प्रभूची प्रार्थना देऊन पुढं सांगितलंय की दिवसातून तीनदा ही प्रार्थना करा. म्हणजे दानीएलाच्या तीन वेळा तशाच पुढं चालू राहिल्या, फक्त शब्द प्रभूचे.

आता आपल्या कोल्हापूरकडं येतो. अमेरिकन मिशनरी रेव्हरंड रॉयल वायल्डर इथं १८५२ साली आले आणि पुढं १८७० मध्ये त्यांचं इथलं मिशनचं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांमधला एक पंथ) मिशनकडं गेलं. त्यामुळं आपल्याकडची घरच्या प्रार्थनेची रीत स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेशी जोडलेली आहे. तिथल्या मंडळीच्या (चर्चच्या) महासभेनं १६४७ साली घरच्या उपासनेसाठी एक मार्गदर्शिका मंजूर केली होती. घरोघरी प्रार्थना, स्तुती आणि शास्त्रवाचन व्हावं, घरच्या प्रमुखानं ते चुकू देऊ नये, असं तिच्यात आहे. ठरलेल्या शब्दांबद्दलही आहे. ज्याला स्वतःची प्रार्थना सुचते त्यानं ते दान वापरावं, ज्याला जमत नाही त्यानं ठरलेल्या नमुन्यापासून सुरुवात करावी, मात्र तिथंच आळशासारखं बसून राहू नये. वाऱ्या, तुझं आणि शिरोलीकरांचं भांडण पावणेचारशे वर्षांपूर्वी त्या लोकांच्याही समोर होतं बघ.

रात्रपाळी_सिस्टर · सोमवार, सकाळी ८.४५

आताच ड्यूटीवरून आले. झोपायच्या आधी लिहिते.

मी नर्स आहे. आमच्या कामात ठरलेली वेळ हा प्रकार नाही. सात वाजता प्रार्थनेला बसायचं ठरवावं आणि सातलाच ॲम्ब्युलन्स यावी. म्हणून मी वेळेऐवजी कामाला प्रार्थना बांधली. हात धुताना. वॉर्डात पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर हात धुवावेच लागतात, नीट धुवायचे तर अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथपर्यंत होतं. उरलेली पुढच्या पेशंटला. रात्रभरात अशी कितीतरी वेळा होते.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळते. पेशंटच्या उशाशी मोठ्यानं प्रार्थना करत नाही. तो कुठल्या घरचा आहे, त्याला काय वाटेल, हे मला माहीत नसतं, आणि तो अंथरुणाला खिळलेला असताना मी त्याच्यावर काही लादणं बरोबर नाही. कुणी स्वतःहून म्हटलं, "सिस्टर, माझ्यासाठी देवाला सांगा," तर हात धरून सांगते. असं म्हणणारे सगळ्या धर्मांचे असतात.

काकांच्या "एकत्र बसून"बद्दल मात्र मनात हुरहुर आहे. माझी मुलं आईला प्रार्थना करताना बघतच नाहीत. माझी प्रार्थना सगळी बेसिनपाशी होते.

पेठेतला_शेजारी · सोमवार, सकाळी ११.३०

मी ख्रिस्ती नाही, मंगळवार पेठेतला आहे. धागा वाचला आणि राहवलं नाही. आमच्या घरी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून आजी आम्हाला श्लोक म्हणायला लावायची. आता आजी नाही, दिवा लागतो पण श्लोक बंद पडलेत. तुमच्यातसुद्धा हेच चाललंय हे वाचून आश्चर्य वाटलं. एक शंका आहे. तुमच्याकडं प्रार्थनेसाठी मूर्ती नाही, देव्हारा नाही, नैवेद्य नाही. मग घरात प्रार्थनेची जागा कोणती? आणि मूल नेमकं काय बघून शिकतं?

शिरोलीकर · सोमवार, दुपारी १२.१०

दादा, फार नेमका प्रश्न विचारलात. आमच्याकडं जागा ठरलेली नसते, माणसं ठरलेली असतात. कुठंही सतरंजी पडली आणि घरची माणसं बसली की झाली जागा. जिथं दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तिथं मी त्यांच्यामध्ये आहे, असं प्रभूचं वचन आहे. मूल शिकतं ते आईबापाचे मिटलेले डोळे बघून. घरात सगळ्यांवर ओरडणारा बापसुद्धा कुणापुढं तरी मान खाली घालतो, हे त्याला दिसतं. म्हणूनच माणसं एकत्र बसायची थांबली की आमच्याकडं मागं दिवासुद्धा उरत नाही. माझी तळमळ त्यासाठीच आहे.

सिस्टर, तुमची हात धुतानाची प्रार्थना वाचून बरं वाटलं. आमच्याकडं भट्टीपुढं डोळे मिटता येत नाहीत, पण पाळी सुरू होताना बूट बांधतो तेव्हा हे जमेल.

नागाळा_पार्क · सोमवार, दुपारी १.४०

मी कॅथलिक आहे, थोडक्यात लिहिते. ठरलेल्या शब्दांचा हा वाद आमच्यात फारसा होत नाही. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घंटेबरोबर म्हणायची प्रार्थना असते आणि घरी जपमाळ. जपमाळेत दहादहा मण्यांचे पाच भाग असतात आणि प्रत्येक भागाला प्रभूच्या किंवा मरियामातेच्या जीवनातला एक प्रसंग मनापुढं आणायचा असतो. बाहेरून बघणाऱ्याला तेच तेच शब्द ऐकू येतात. आत मन त्या प्रसंगात फिरत असतं, निदान फिरावं अशी अपेक्षा असते. माझं मन कित्येकदा बाजारात फिरतं, तरी मी मणी सोडत नाही. थकलेल्या दिवशी बोटं पुढं सरकतात आणि मन मागून येतं.

पंचगंगाकाठ · सोमवार, दुपारी ३.२०

इथं मी वाचते, फारसं लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

२०२१ च्या मे महिन्यात माझे मिस्टर कोरोनानं गेले. बरेच दिवस ऑक्सिजनवर होते. मंडळीनं साखळी प्रार्थना लावली होती. तासातासाला एक घर, रात्रभरसुद्धा. कोण कुठल्या तासाला जागं आहे ते फोनवर यायचं. ती माणसं खरोखर जागली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण काहीजणांचे निरोप असे यायचे, "ताई, प्रभू त्यांना उठवणारच, तुम्ही फक्त शंका घेऊ नका." एकानं तर आपल्याला तसं वचन मिळालंय म्हणून सांगितलं. ते गेले. मग मला प्रश्न पडला की शंका मी घेतली म्हणून का? हा प्रश्न माझ्यावर टाकणाऱ्यांचा मला अजून राग आहे.

त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. लोक म्हणायचे, देवापाशी मन मोकळं करा. मोकळं करायला मनात काही शिल्लक लागतं. माझ्यापाशी एक "का" सोडला तर दुसरा शब्द नव्हता, आणि तो किती वेळा बोलणार?

सासूबाईंनी मुलगा गमावला होता. त्या रोज संध्याकाळी सात वाजता खुर्ची ओढून बसायच्या. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे," मग प्रभूची प्रार्थना. मला कधी "ये" म्हणाल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत ऐकायची, आमेन म्हणायची नाही. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" आलं की मी मुद्दाम तवा आपटायची. त्यांना कळत होतं. त्या थांबायच्या नाहीत, आवाजही चढवायच्या नाहीत, पुढच्या ओळीला जायच्या. पुढं कधीतरी माझा मुलगा त्यांच्याजवळ बसायला लागला. नंतर मीही बसले.

मला उत्तर मिळालं, शांती मिळाली असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. ती एक ओळ मला अजून म्हणता येत नाही. बाकीच्या म्हणते. ती ओळ सासूबाई माझ्या वाटची म्हणतात असं मी धरून चालते.

वारा दादा, तुम्ही म्हणता बापाशी कुणी पाठ करून बोलत नाही. माझं बोलणंच बंद झालं होतं. त्या ठरलेल्या शब्दांमुळं घरात प्रार्थना चालू राहिली आणि मला परत यायला जागा राहिली.

रंकाळ्याचा_वारा · सोमवार, संध्याकाळी ६.१५

ताई, दोनदा वाचलं. काय लिहू कळत नाही. तुमच्या सासूबाईंना माझा सलाम सांगा.

माझ्या घरचा अनुभव खरा आहे, त्यामुळं ते दुःख तसंच आहे. पण आमच्या घरी जे शब्द होते तेच तुमच्याही घरी होते. तुमच्या सासूबाईंनी ते म्हणताना तुमच्यावर जबरदस्ती केली नाही, तुमचा राग सोसला. आमच्याकडं शब्द म्हणून झाले की माणसं उठून जायची आणि भिंत तशीच राहायची. माझी मागणी एवढीच आहे की ऋण सोडण्याची ओळ ज्या घरात रोज म्हटली जाते, त्या घरात कुणीतरी उठून शेजारचं दार वाजवावं. वेदीपाशी दान ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, हेही प्रभूचंच सांगणं आहे, आणि ते मत्तयात प्रभूच्या प्रार्थनेच्या आधी येतं, नंतर नाही.

निवृत्त_गुरुजी · सोमवार, रात्री ८.३०

वाऱ्या, ही मागणी शंभर टक्के मान्य. ज्या घरी समेट होत नाही तिथल्या कर्त्या माणसाला मंडळीतल्या वडिलांनी (एल्डरांनी) जाऊन सांगायला हवं. पूर्वी ते जायचे. घरभेट घ्यायचे आणि घरची प्रार्थना चालू आहे का हे विचारायचे. आता घरभेट म्हणजे चहा आणि वर्गणीची पावती एवढंच राहिलंय काही ठिकाणी.

ताई, तुमच्या पोस्टवर उपदेश करायचं धाडस माझ्यात नाही. फक्त बायबलमध्ये तुमची जागा कुठं आहे ती दाखवतो. ८८ वं स्तोत्र. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळतात, देवाची स्तुती येते, आशा येते. हे वळत नाही. देवा, तू माझ्यापासून तोंड का लपवतोस असं विचारतं आणि अंधारात संपतं. तरीही ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी ते गाळलं नाही. उपासनेत म्हणायला ठेवलं. ज्याला आज आमेन म्हणता येत नाही त्याचेही शब्द त्यांनी देवापुढं मांडायला ठेवलेत.

आणि प्रभू येशूकडं बघा. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तो स्वतःच्या शब्दांत बोलला, हा दुःखाचा प्याला टळून जावो. मत्तय म्हणतो, तिसऱ्यांदाही त्यानं तेच शब्द बोलून प्रार्थना केली. "तुझ्या इच्छेप्रमाणे" ही ओळ त्यालासुद्धा तीन वेळा म्हणावी लागली, घाम गाळत. पुढं वधस्तंभावर, बोलायची ताकद संपत आली तेव्हा त्याच्या तोंडी स्तोत्रांतले शब्द आहेत. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे २२ व्या स्तोत्राचं पहिलं वचन. "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो" हे ३१ व्या स्तोत्रातलं. लहानपणी शिकलेलं शेवटच्या घटकेला हाताशी आलं. पाठ केलेली प्रार्थना पोपटपंची असते असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

गावाकडचा_पाळक · सोमवार, रात्री ९.५०

मी जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत सेवा करतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया ऊसाच्या रानात भांगलायला जातात. बऱ्याच जणींना अक्षरओळख नाही. पण गीतं तोंडपाठ, स्तोत्रं तोंडपाठ. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या आणि भजनाच्या वळणानं ख्रिस्ती गीतं लिहिली त्याचं मोल मला या बायांकडं बघून कळलं. टिळक १९१९ साली वारले, आणि आजही टाळ वाजला की यांना पुस्तक लागत नाही. "आपापल्या शब्दांत प्रार्थना करा" असं सुशिक्षितांनी म्हणणं सोपं आहे. माझ्या मंडळीतली एक आजी चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली की लाजून गप्प बसते. तीच रानात तासभर गाते. ती प्रार्थनाच आहे ना?

२०१९ च्या ऑगस्टचा पूरही आठवतो. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली होती, घरं पाण्याखाली, माणसं छावणीत. बायबल आणि गीतांची पुस्तकं घरातच राहिलेली. फोनची बॅटरी संपलेली. संध्याकाळी दहाबारा माणसं कोपऱ्यात बसली तेव्हा ज्याला जे पाठ होतं तेवढंच हाताशी होतं. एका मुलीला २३ वं स्तोत्र येत होतं, तिनं सांगितलं आणि बाकीच्यांनी तिच्यामागून म्हटलं. ज्यांना काहीच पाठ नव्हतं ते ऐकत बसले. त्या दिवसापासून मी संडे स्कूलमध्ये वर्षाला काही स्तोत्रं पाठ करून घेतोच. पालक तक्रार करतात, अभ्यास आधीच खूप आहे म्हणून. तरी करून घेतो.

रात्रपाळी_सिस्टर · मंगळवार, सकाळी ९.००

पाळक, याला माझा दुजोरा. अतिदक्षता विभागात शुद्ध जायच्या आधी किंवा नंतर माणसं जे पुटपुटतात ते बहुतेक लहानपणचं असतं. श्लोक, कलमा, प्रभूची प्रार्थना. नंतर मिळवलेलं ज्ञान तिथं फारसं ऐकू येत नाही.

शिरोलीकर · मंगळवार, दुपारी ४.२०

इतकं लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. काल सुट्टी होती म्हणून हा धागा घरी वाचून दाखवला. पंचगंगाकाठ ताईंची पोस्ट वाचताना बायकोचा आवाज थांबला, पुढचं मुलीनं वाचलं.

माझं मत बदललेलं नाही, पण सिस्टर आणि वारा यांच्यामुळं त्यात दोन गोष्टी जोडल्या गेल्या. वेळ घड्याळाची नसली तरी चालेल, पण ती कशाला तरी बांधलेली हवी. पहिल्या पाळीला मी दुपारी घरी असतो, तेव्हा रात्री जेवणाआधी बसू. दुसऱ्या पाळीला रात्री उशिरा येतो, तेव्हा सकाळी मुलगी शाळेला निघायच्या आधी. तिसऱ्या पाळीला मी डबा घेऊन निघताना दाराशी, उभ्या उभ्या. थोरल्याला पुण्याला फोन लावायचा, तो असेल तिथं. होस्टेलवर मुलांच्या गर्दीत असला तर त्यानं नुसतं ऐकायचं. दुसरी गोष्ट, ऋण सोडण्याच्या ओळीनंतर आम्ही क्षणभर थांबणार आहोत. कुणाचं काही राहिलं असेल तर तिथंच बोलून टाकायचं. मुलीनं कालच पहिली तक्रार नोंदवली, मी तिच्या मार्कांवरून तिला पाहुण्यांसमोर बोललो होतो. रास्त होती.

गुरुजी, एक विचारायचं राहिलं. प्रभूची प्रार्थना घाईत होऊ नये, तिच्यातून स्वतःचं बोलणंही निघावं, यासाठी काही रीत आहे का? मुलीला ठरलेले शब्द आवडतात, पोराला मोकळं बोलायला.

निवृत्त_गुरुजी · मंगळवार, रात्री ८.१०

आहे, आणि ती एका न्हाव्यामुळं आपल्याला मिळालीय. जर्मनीतला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, त्याचा पेटर नावाचा न्हावी होता. प्रार्थना कशी करू असं त्यानं विचारलं. ल्यूथरनं त्याच्यासाठी १५३५ साली एक छोटं पुस्तकच लिहिलं. सकाळी पहिलं काम आणि रात्री शेवटचं काम प्रार्थना असावी, "थांबू जरा, तासाभरानं करू, आधी हे उरकू" या विचारापासून सावध राहावं, असं त्यात आहे. चांगल्या न्हाव्याचं लक्ष जसं वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं तसं प्रार्थनेत असावं, बडबड करत इकडंतिकडं बघत राहिला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, असंही लिहिलंय.

रीत अशी. प्रभूची प्रार्थना एकदा पूर्ण म्हणायची. मग एक ओळ घ्यायची आणि ती आपल्या शब्दांत देवाशी बोलायची. "आमची रोजची भाकर" घेतली की घरखर्च, कारखान्यातली ऑर्डर, शेजाऱ्याची गेलेली नोकरी, सगळं त्यात येतं. मन एखाद्या ओळीवर रमलं तर तिथंच राहायचं, बाकीच्या ओळी सोडून दिल्या तरी चालतं. पवित्र आत्मा शिकवत असेल तर गप्प राहून ऐक, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे मुलीला तिचे शब्द मिळतील आणि पोराला त्याची मोकळीक. दिवसाला एकच ओळ घ्या, घाई करू नका.

जाता जाता कोल्हापूरची एक गोष्ट, मुलांना सांगण्यासारखी. वायल्डरसाहेबांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. पुढं अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकताना तो आणि त्याची थोरली बहीण ग्रेस मिळून प्रार्थना करायचे की विद्यार्थी मिशनसेवेसाठी पुढं यावेत. घरात विद्यार्थ्यांची सभा भरली की ग्रेस शेजारच्या खोलीत प्रार्थनेला बसायची. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनसेवेसाठी नावं दिली आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. चळवळीच्या इतिहासात रॉबर्टचं नाव ठळक येतं. मला मात्र शेजारच्या खोलीतली ग्रेस महत्त्वाची वाटते.

पंचगंगाकाठ · मंगळवार, रात्री ९.३०

गुरुजी, ८८ वं स्तोत्र काल रात्री वाचलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हे आपण आठवड्यातून एकदा घेऊ या. शुक्रवार ठरवलाय.

रंकाळ्याचा_वारा · मंगळवार, रात्री १०.४०

शुक्रवारी मीही गच्चीवर तेच घेईन, ताई. चुलत्यांकडं रविवारी उपासनेनंतर जातोय. वडील येतील की नाही माहीत नाही. सगळ्यांनी आठवण ठेवा.

रात्रपाळी_सिस्टर · मंगळवार, रात्री १०.५५

ठेवते. रविवारी मला दिवसपाळी आहे, साडेदहाच्या राउंडला तुमच्या नावानं हात धुवीन. आणि काका, पुढच्या आठवड्यात माझ्या तीन रात्री मोकळ्या आहेत. मुलांना घेऊन बसणार आहे. सुरुवातीला कुठलं स्तोत्र घेऊ? धाकटा चार वर्षांचा आहे, लांबलचक नको.

शिरोलीकर · मंगळवार, रात्री ११.०५

११७ वं घ्या, सिस्टर. दोनच वचनांचं आहे, सगळ्यात छोटं. त्याला आठवड्यात पाठ होईल.